गॅस जातो कुठे?

मार्च उजाडला की गाडीच्या एसीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला गॅरेजच्या दारातच निदान ऐकायला मिळतं : ‘गॅस संपला असेल, भरून टाकू.’ बॉनेट अजून उघडलेलंही नसतं. आपणही मान डोलावतो. पेट्रोल संपतं, ऑइल काळं पडतं, बॅटरी उतरते, तसा गॅसही संपत असणार, असं आपण मनाशी धरलेलं असतं. तासाभरात गाडी पुन्हा गार वारा देऊ लागते. पैसे देऊन आपण बाहेर पडतो आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा त्याच दारात जाऊन उभे राहतो.

मी सलग तीन उन्हाळे हेच केलं. गाडी सेकंडहँड घेतलेली, छोटी. चौथ्या वर्षी भर मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर, मागच्या सीटवर आई बसलेली असताना, वारा आधी कोमट आणि मग गरम झाला. इंदापूरला झाडाखाली गाडी लावून आईला पाणी दिलं. तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं, की दर वर्षी भरलेला हा गॅस जातो तरी कुठे?

गाडीच्या एसीतला गॅस संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. बंद नळ्यांच्या एका वर्तुळात तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. घरातला फ्रीज आठवा. पंधरा-पंधरा वर्षं चालणाऱ्या फ्रीजमध्ये दर उन्हाळ्यात कोणी गॅस भरत नाही. गाडीचा एसी फ्रिजाच्याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की फ्रिजाचं वर्तुळ कारखान्यातच डाग देऊन कायमचं बंद केलेलं असतं आणि गाडीत इंजिन हादरत असतं, म्हणून रबरी नळ्या, सांधे आणि सील लागतात. रबरातून वर्षाला काही ग्रॅम गॅस झिरपून जातो, तेवढी सूट गाडी बनवणाऱ्यांनी धरलेली असते. त्याहून जास्त कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी.

माठाचा विषय निघालाच आहे तर तिथूनच पुढे जाऊ. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती माठातल्या पाण्याकडून घेतली जाते. गाडीत पाण्याऐवजी असतो आर-134ए नावाचा पदार्थ. वातावरणाच्या दाबाला तो उणे 26 अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्याच्यावर दाब वाढवला की उकळायचं तापमान वाढतं, कमी केला की घटतं. एसीची सगळी करामत या एका गुणावर उभी आहे. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो. दाबलेला तापलेला वायू पुढच्या जाळीतल्या, म्हणजे कंडेन्सरमधल्या नळ्यांत जातो. बाहेर 40 अंशांची हवा असली तरी वायू तिच्याहून गरम असल्यामुळे तो तिला उष्णता देऊन टाकतो आणि द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून गाळून, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. तिथे दाब एकदम उतरतो, द्रव शून्य अंशाच्या आसपास उकळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. वाफ झालेला गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे. छोट्या गाडीत हा पदार्थ असतो साधारण 350 ते 500 ग्रॅम, घरातल्या साखरेच्या डब्यात मावेल एवढा.

हे वर्तुळ हातालाही कळतं. एसी चालू करून बॉनेट उघडा. फायरवॉलकडून, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याकडून दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या बाहेर येताना दिसतील, एक जाड आणि एक बारीक. जाड नळी गार लागली पाहिजे, दमट दिवशी तिच्यावर थंड ताकाच्या पेल्यावर येतात तसे थेंब दिसले पाहिजेत. बारीक नळी कोमट ते गरम लागली पाहिजे. दोन्ही सारख्याच कोमट लागल्या तर वर्तुळ फिरत नाही किंवा आत पुरेसा गॅस नाही. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या तिसऱ्या नळीला मात्र हात लावू नका, ती चटका देते. आणि हे सगळं करताना बाह्या वर, ओढणी किंवा टायसारखं लोंबणारं काहीही अंगावर नको. बेल्ट आणि पंखा कुणाची वाट पाहत नाहीत.

गळतीपर्यंत जाण्याआधी सांगायला हवं, की ‘गॅस संपला’ या शिक्क्याखाली येणाऱ्या कितीतरी तक्रारींचा गॅसशी काही संबंधच नसतो. गाडी धावताना गार वारा आणि सिग्नलला थांबलं की गरम, ही तक्रार शहरात सर्रास ऐकू येते. इथे कंडेन्सरचा पंखा फिरत नसतो किंवा जाळी धुळीने आणि किड्यांनी बुजलेली असते. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा पंख्याचं काम करतो, थांबली की उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. एसी लावा आणि पंखा फिरतो का बघा. नसेल तर फ्यूज आणि रिले तपासा. जाळी धुवायची असेल तर इंजिन थंड असताना, बागेच्या साध्या पाइपने, हलक्या धारेने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तिच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या आडव्या करून टाकतो आणि मग हवा कायमची अडते.

वाराच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो, पानाही लागत नाही. खण मोकळा करून फिल्टर बाहेर ओढला की कडुलिंबाची पानं, केस, कापसाचे पुंजके आणि एकसारखा करडा थर दिसतो. तो बदलण्यात पाच मिनिटं जातात. पहिला तासभर छान गार वारा आणि मग वारा हळूहळू कमी होत बंद, थोडा वेळ एसी बंद ठेवला की पुन्हा ठीक, अशी लांबच्या प्रवासातली तक्रार असेल तर कॉइलवर बर्फ जमतो आहे. बुजलेला फिल्टर किंवा कॉइलचं तापमान सांगणारा सेन्सर यांपैकी एक दोषी असतो. डाव्या सीटखाली पाणी साचलं तर कॉइलखालची निचरा नळी तुंबली आहे. ती गाडीखालून शोधून मऊ वायरने मोकळी करता येते. कुबट वास येत असेल तर कॉइल ओली राहते आहे. मुक्काम जवळ आला की शेवटची दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायची सवय लावून घ्या, कॉइल सुकते.

आणि एक गैरसमज प्रदेशाचा. मुंबईत किंवा रत्नागिरीत 33 अंशांना एसी जेवढा दमतो तेवढा नागपुरात त्याच 33 अंशांना दमत नाही. दमट हवेतलं पाणी कॉइलवर जमवताना एसीची बरीच ताकद खर्च होते. उभ्या गाडीखाली पाण्याची धार लागते ती हीच. कोकणातल्या माणसाचा वारा नागपूरकराच्या वाऱ्यापेक्षा दोन-चार अंश कमी गार असला म्हणून गॅस भरायला धावायचं कारण नाही.

हे सगळं ठीक असूनही वारा गार नसेल तर क्लचकडे बघा. एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती ‘टक्’ असा आवाज करून पुलीबरोबर फिरू लागते. काही नव्या गाड्यांत ही चकती नसते, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतल्या आत काम कमी-जास्त करतो. चकती ओढलीच जात नसेल तर बिघाड विजेचा असू शकतो, किंवा गॅस इतका कमी झालेला असू शकतो की दाबाच्या स्विचने कॉम्प्रेसरला चालायची परवानगीच नाकारली आहे. तेल गॅसबरोबरच फिरत असल्यामुळे गॅस नसला की कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून तो स्विच तिथे आहे. वायर जोडून त्याला चकवण्याचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका, कॉम्प्रेसर जागीच घासून जाम होतो आणि त्याचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो.

आता गळती. शोधायला महागडं यंत्र लागतं असं नाही, आधी डोळे लागतात. गॅसबरोबर तेल फिरतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सरवर, नळ्यांच्या सांध्यांवर, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओलसर काळा डाग दिसला तर तिथे साबणाचं पाणी लावा. भांडी घासायचा द्रव साबण, एका वाटीत थोडं पाणी, दाट फेस, जुना रंगाचा ब्रश. इंजिन बंद ठेवा. मग घाई करू नका. मोठी गळती लगेच फसफसते, पण वर्षभरात गाडी रिकामी करणारी गळती फार हळू असते. दहा-दहा मिनिटं एकाच सांध्याकडे बघत बसावं लागतं.

माझ्या गाडीत मी कंडेन्सरपासून सुरुवात केली होती, कारण समोरून उडालेल्या खड्यांचा मार त्यालाच बसतो. तिथे काही नाही. नळ्यांचे सांधे कोरडे. शेवटी जाड नळीवरचा चार्जिंग व्हॉल्व्ह राहिला, ज्यातून दर वर्षी गॅस भरला जात होता. त्यावरचं प्लास्टिकचं टोपण गायब होतं. तोंडाशी फेस लावला. आधी काहीच हललं नाही. मग मधोमध एक बुडबुडा उमटला, मोहरीएवढा. तो वाढत वाढत भिजलेल्या साबुदाण्याएवढा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा. तीन उन्हाळे माझा गॅस याच वाटेने गेला होता. आत टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशीच स्प्रिंगची सुई असते. तिच्यावर धूळ बसली, रबर दुखावलं, की ती पूर्ण मिटत नाही. आणि वरचं टोपण शोभेचं नसतं. त्याच्या आत एक रबरी कडी असते, ती दुसरा बांध असते. भरून झाल्यावर ते टोपण परत लावायचं कुणाच्या तरी हातून राहून गेलं होतं, एवढंच.

मात्र ही सुई आत गॅस असताना काढायला जाऊ नका. सात-आठ पट वातावरणाचा दाब तिच्यामागे उभा असतो. सुई गोळीसारखी उडते आणि मागून येणारा द्रव जिथे लागेल तिथली कातडी गोठवतो. डोळ्याला लागला तर डोळा जातो. गॅसच्या कुठल्याही कामात डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच.

कॉइलची गळती साबणाने सापडत नाही, कारण कॉइल दिसतच नाही. त्यासाठी गॅसचा वास घेणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र लागतं. ते निचरा नळीच्या तोंडाशी धरतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली उतरतो. दुसरा मार्ग रंगाचा : तेलात मिसळणारा रंग आत सोडायचा, काही दिवस गाडी वापरायची आणि मग रात्री अतिनील टॉर्च मारून हिरवट चमक शोधायची. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम कुरतडलं जातं, तिथे कंडेन्सर आधी तपासावा. कॉम्प्रेसरच्या दांड्यावरचं सील मात्र न वापरल्यामुळे बिघडतं. ते तेलाने ओलं राहायला हवं. म्हणून थंडी-पावसातही आठवड्या-पंधरवड्यातून दहा मिनिटं एसी लावावा.

सांध्यातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, बदलायची वेळ आली तर नळाच्या दुकानातली काळी कडी चालत नाही. आर-134ए आणि त्याचं तेल सोसणाऱ्या कड्या वेगळ्या मिळतात, बहुतेक हिरव्या रंगाच्या. बसवण्याआधी त्यांना एसीचं तेल लावायचं आणि सांधा पुसून अगदी स्वच्छ करायचा. एक केस मध्ये अडकला तरी पुन्हा गळती.

इथवर घरी करण्यासारखं काम होतं. पुढचं काम घरी करता येतं, पण साधनं आणि सबुरी दोन्ही असतील तरच. दोन घड्याळांचा गेज, व्हॅक्यूम पंप आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, यांपैकी एक जरी नसेल तर गॅस भरायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजनकाटा कशाला, घड्याळात दाब दिसतोच की, असं वाटेल. इथेच सगळे फसतात. घरातल्या गॅस सिलिंडरचं उदाहरण घ्या. 14.2 किलो गॅस भरलेला असो की तीन किलो उरलेला, शेगडीची आच तशीच राहते. आत थोडाही द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, साठ्यावर नाही. म्हणून तर सिलिंडर घेताना तो काट्याला लावून वजन बघायचं असतं. गाडीतही तसंच. बंद गाडीत 30 अंशांना घड्याळ साधारण 97 पीएसआय दाखवेल, 35 अंशांना 114. आत चारशे ग्रॅम असोत की दीडशे, आकडा तोच. एसी चालू असताना दाब थोडं काही सांगतो. 35 अंशांच्या दिवशी कमी दाबाच्या बाजूच्या निळ्या घड्याळात 30 ते 45 आणि जास्त दाबाच्या बाजूच्या लाल घड्याळात 200 ते 250 पीएसआय हे साधारण निरोगी लक्षण. पण पंखा, ऊन, दमटपणा, इंजिनाची गती या सगळ्यांनी तो हलतो. आत किती गॅस आहे हे फक्त वजन सांगतं, आणि किती हवा हे बॉनेटखाली चिकटवलेल्या कागदावर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. तो कागद एसी दुरुस्तीतला सगळ्यात मोलाचा कागद आहे, आणि फार थोडे लोक तो वाचतात.

‘जरा जास्तच टाका, गार होईल’ हा आग्रहही ग्राहकच धरतात. जास्त गॅस झाला की कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, उष्णता टाकायला जागा उरत नाही, लाल घड्याळ चढतं आणि वारा आधीपेक्षा गरम होतो. फार चढलं की दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. पन्नास-साठ ग्रॅमनेही छोट्या गाडीत फरक जाणवतो.

म्हणून वरून थोडा गॅस टाकणं हे कामच मुळात चुकीचं. आत किती उरलाय ठाऊक नसताना किती टाकायचा हे कसं ठरणार? उरलेला गॅस ज्या वर्कशॉपमध्ये ओढून घेणारं यंत्र आहे तिथे काढून घ्यावा, गळती बुजवावी, व्हॅक्यूम मारावा आणि मग पुरं माप भरावं.

व्हॅक्यूम मारणं म्हणजे नळ्यांतली हवा आणि पाणी काढून टाकणं. हवा द्रव होत नाही, कंडेन्सरमध्ये नुसती जागा अडवून बसते. पाणी त्याहून वाईट. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात त्याचा बर्फ होतो, आणि तेल-गॅसबरोबर मिळून ते आम्ल बनवतं, जे आतून धातू खातं. एसीचं तेल हवेतला दमटपणा इतका ओढतं की त्याची बाटली उघडी ठेवायची नसते. पंपाने दाब पुरेसा खाली नेला की पाणी घरच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. अर्धा-पाऊण तास पंप चालवा. मुंबईत निळ्या घड्याळाचा काटा 30 इंचांच्या जवळ जाईल, पुण्यात 28 वर थांबेल. पंप बिघडला असं समजू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, तिथली हवाच तेवढ्या दाबाची आहे. मग झडपा बंद करून पंप थांबवा आणि अर्धा तास काट्याकडे बघा. तो हलला तर गळती अजून आहे. नाही हलला तरी छातीठोक सांगता येत नाही, कारण व्हॅक्यूम फक्त एका वातावरणाच्या दाबाची परीक्षा घेतो. पक्की परीक्षा कोरड्या नायट्रोजनची, जी गॅरेजमध्ये करतात. त्याजागी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

आता भरणं. डब्याला झडपेचं तोंड बसवून गेजची मधली पिवळी नळी जोडायची, गेजकडचं तिचं टोक क्षणभर ढिलं करून नळीतली हवा बाहेर काढायची आणि आवळायचं. डबा वजनकाट्यावर उभा ठेवायचा. निळी नळी जाड पाइपवरच्या व्हॉल्व्हला. त्याचा जोड 13 मिलिमीटरचा असतो आणि लाल बाजूचा 16 चा, म्हणजे चूक होऊ नये अशी सोय केलेलीच आहे. आत निर्वात असल्यामुळे इंजिन बंद असतानाच बराच गॅस ओढला जातो. डबा गार पडतो, अंगावर दंव जमतं. ओढ थांबली की इंजिन सुरू करा, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, काचा खाली. निळी झडप थोडी थोडी उघडत वायू जाऊ द्या. डबा उलटा करायचा नाही. उलटा केला की वायूऐवजी द्रव जातो, द्रव दाबला जात नाही आणि कॉम्प्रेसरच्या झडपा तुटतात. लाल झडप इंजिन चालू असताना उघडायचीच नाही. त्या बाजूचा दोन-अडीचशे पीएसआयचा दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा हातात फुटू शकतो. डबा फारच थंड झाला तर कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, विस्तवाजवळ कधीही नाही. कागदावर 380 लिहिलं असेल तर काट्यावरचं वजन 380 ने उतरलं की झडप बंद, नळीत अडकलेले थोडे ग्रॅम हिशेबात धरून. हे काम उघड्यावर करावं. बंद गॅरेजात किंवा दुरुस्तीच्या खड्ड्यात गॅस साठून जीव गुदमरतो, आणि ज्वाळेवर गेला तर त्यापासून विषारी आम्लवायू तयार होतात.

डब्यात काय आहे याचीही खात्री हवी. 2011 मध्ये काही रेफ्रिजरेटेड शिपिंग कंटेनरांचे स्फोट झाले आणि कामगार दगावले. व्हिएतनाममध्ये त्यांत आर-134एच्या नावाखाली भेसळीचा गॅस भरला गेला होता. त्यातल्या मिथाइल क्लोराइडने ॲल्युमिनियमशी संयोग होऊन हवा लागताच पेटणारा पदार्थ बनवला होता. गाडीचा कंडेन्सर आणि कॉइलही ॲल्युमिनियमचेच. तेव्हा ओळखीच्या दुकानातून, पावतीसह, नामांकित कंपनीचा डबा घ्या. स्वयंपाकाच्या गॅससारखी ज्वालाग्राही मिश्रणं एसीत भरून देणारेही भेटतात. वारा खरंच गार येतो, पण अपघातात कंडेन्सर फुटला की तो गॅस गरम इंजिनावर पसरतो. गळती आपोआप बुजवणाऱ्या औषधांनीही फसू नका, ती एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि वर्कशॉपचं यंत्र दोन्ही बुजवतात. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे प्रकरण तुमच्यासाठी फिल्टर आणि जाळीपाशीच संपतं. तिचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो, तेल निराळं असतं, नारिंगी वायरींना घरी हात लावायचा नाही. आर-1234वायएफ हा नवा गॅस असलेल्या गाडीलाही हेच लागू, कारण तो थोडा ज्वालाग्राही आहे.

हा नवा गॅस आला तो का, हे मात्र सांगायला हवं. 1939 मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच एसी बसवलेली पहिली गाडी दाखवली. तिच्यात क्लच नव्हता, एसी बंद करायला गाडी थांबवून बेल्ट काढावा लागे. तेव्हापासून अर्धं शतक गाड्यांत आर-12 हा गॅस होता. 1974 मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या जातीचे गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातात. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगाला कळलं, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला आणि आर-12 ची गच्छंती झाली. जागी आलेला आर-134ए ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 1,400 पट भारी आहे. म्हणून असे गॅस कमी करण्याचा 2016 चा किगाली करार, ज्याला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली. युरोपात तर 2017 पासून नव्या गाड्यांत आर-134ए बंदच आहे आणि त्याची जागा या नव्या गॅसने घेतली आहे.

1,400 पट म्हणजे किती? चारशे ग्रॅम गॅस हवेत सोडला की साडेपाचशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. तेवढा धूर सोडायला सुमारे 240 लिटर पेट्रोल जाळावं लागेल. लिटरला 18 किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात पुण्याहून नागपूरला तीनदा जाऊन येईल. आणि कितीतरी गॅरेजांत हे काम स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने होतं : व्हॉल्व्हची सुई दाबायची, फुस्स, मिनिटभर पांढरी वाफ, झालं रिकामं. मी तीन वर्षं ते जवळ उभा राहून पाहिलं आहे, काही न बोलता. आता तसं उभं राहणं मला जमत नाही.

तुम्हीही गप्प राहू नका. गॅरेजवाल्याशी भांडायची गरज नाही. तोही हे काम जसं शिकला तसं करतो, आणि वजन करून भरणारे, यंत्राने गॅस काढून घेणारे कारागीरही गावोगाव आहेत. त्याला शांतपणे तीन गोष्टी म्हणा : जुना गॅस हवेत सोडू नका, गळती मला दाखवा, आणि बॉनेटखालच्या कागदावरचं वजन बघून भरा. आणि त्याच्याकडे जाण्याआधी, आज संध्याकाळी गाडी लावाल तेव्हा, बॉनेट उघडून दोन्ही चार्जिंग व्हॉल्व्हवर टोपणं आहेत का तेवढं बघा. नसतील तर आधी ती आणा. माझ्या गाडीत सुई बदलून टोपण बसवल्याला चार उन्हाळे झाले, गॅस भरावा लागलेला नाही.